कॅलगरीत तळघराचं घर करताना: लीगल सूटची वाट, पहिल्या फोनपासून दारावरच्या स्टिकरपर्यंत

“बेसमेंट रिकामंच पडलंय. एक किचन टाकलं की झालं ना?”

कॅलगरीत पहिलं घर घेतलेल्या मंडळींकडून हा फोन मला वर्षातून तीन-चारदा तरी येतो. कोणाला हप्त्याला हातभार म्हणून भाडेकरू हवा असतो. कोणाचे आईबाबा सुपर व्हिसावर (पालकांना लांब मुक्कामासाठी मिळणाऱ्या व्हिसावर) येणार असतात, पाच-पाच वर्षं राहू शकणार असतात, आणि आईला स्वतःचा ओटा हवा असतो. (सुनेलाही तो आईंचा वेगळाच हवा असतो, पण ते फोनवर कोणी म्हणत नाही.) माझं उत्तर ठरलेलं आहे. किचन सगळ्यात शेवटी. आधी टेप घेऊन खाली जा आणि झोपायच्या खोलीची खिडकी मोजा.

हे उत्तर मला फुकट मिळालेलं नाही. आमचं घर सत्तरच्या दशकातलं बंगलो आहे. इथे बंगलो म्हणजे एकमजली घर आणि त्याखाली तेवढंच तळघर. आपल्याकडच्या बंगल्याचा थाट मनात आणू नका. आधीच्या मालकाने खाली दोन खोल्या, मोरीसारखं एक बाथरूम आणि एक ओटा आधीच केलेला होता. घर दाखवणारा एजंट त्याला मोठ्या तोऱ्यात ‘सूट’, म्हणजे घरातलं स्वतंत्र बिऱ्हाड, म्हणाला. महापालिकेच्या लेखी ते सूट नव्हतंच. ते लीगल करताना आम्ही जेवढं बांधलं त्याहून जास्त फोडलं.

आपण महाराष्ट्रातून एक सवय घेऊन येतो: आधी बांधू, मग नियमित करून घेऊ. गुंठेवारीतल्या प्लॉटपासून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत आपण हेच पाहिलेलं असतं. नियमित करणं इथेही शक्य आहे, पण इथे दंड भरून कागद मिळत नाही. भिंत उघडावी लागते, आतली तार आणि पाइप दाखवावा लागतो आणि मग ती भिंत पुन्हा बंद करावी लागते. कायद्याचा विचार आधी केला तर तो खर्चातली एक ओळ होऊन बसतो, मागाहून केला तर तोच सगळा खर्च होतो.

सूट म्हणजे नेमकं काय

घराच्या आतच, बहुधा तळघरात, स्वतंत्र दार, स्वयंपाकघर, बाथरूम आणि झोपायची जागा असलेलं दुसरं बिऱ्हाड म्हणजे सेकंडरी सूट. मागच्या अंगणात वेगळी इमारत म्हणून उभं राहिलेलं, पुष्कळदा गॅरेजच्या डोक्यावर बसवलेलं, ते बॅकयार्ड सूट. दोन्ही मुख्य घराच्याच मालकीत राहतात, वेगळे विकता येत नाहीत.

आणि सूट नसलेलं तळघर कोणतं? नुसतं ‘बेसमेंट डेव्हलपमेंट’: खोल्या, बाथरूम, फार तर एक सिंक आणि फ्रिज असलेला वेट बार. या दोघांमधल्या फटीत एक युक्ती खेळली जाते. परमिट वेट बारचं काढायचं, इन्स्पेक्टर गेला की स्टोव्हचा २४० व्होल्टचा प्लग ओढायचा. कोणी सुचवलं तर हसून सोडून द्या. त्या दिवसापासून तुमच्या घरात बेकायदा सूट आहे. खालच्या मजल्यावर आग लागली तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारील.

२०१८ च्या आधी या शहरात सूट काढणं म्हणजे तमाशाच होता. शहराच्या बऱ्याच भागांत प्रत्येक अर्जदाराला कौन्सिलसमोर जाहीर सुनावणीला उभं राहावं लागे. आईचं आजारपण, घटस्फोट, नोकरी गेलेली, सगळं माइकवर सांगायचं, मग शेजाऱ्यांचे आक्षेप ऐकायचे. तेव्हाचे महापौर नहीद नेन्शी ही पद्धत बदलण्यासाठी कितीतरी वर्षं झगडत होते. मार्च २०१८ मध्ये कौन्सिलने ती मोडीत काढली आणि निर्णय नियोजन खात्याकडे गेला. आज तुमची फाइल एक अधिकारी टेबलावर पाहतो, हे सुख लहान नाही.

पहिलं पाऊल: पत्ता

महापालिकेच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की जमिनीचा लँड यूज डिस्ट्रिक्ट दिसतो. मे २०२४ मध्ये कौन्सिलने शहरभराची रीझोनिंग, म्हणजे जमीन-वापराच्या वर्गांची फेरआखणी, मंजूर केली, ती ६ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाली आणि बहुतेक जुन्या निवासी वस्त्या आर-सीजी या वर्गात आल्या. २०२५ च्या निवडणुकीत ती मागे घेण्याचा मुद्दा चांगलाच गाजला. म्हणून मित्राने दोन वर्षांपूर्वी काय केलं ते प्रमाण मानू नका. आज, तुमच्या पत्त्याला काय लागू आहे ते पाहा आणि ३११ ला, म्हणजे महापालिकेच्या हेल्पलाइनला, फोन करून एकदा खात्री करून घ्या.

तिथे दोन शब्द भेटतील. ‘परमिटेड यूज’ म्हणजे नियमात बसलात तर महापालिका नाही म्हणू शकत नाही. ‘डिस्क्रिशनरी’ म्हणजे अधिकारी तारतम्याने ठरवणार, शेजाऱ्यांचं म्हणणंही ऐकणार. डेव्हलपमेंट परमिट (जागेच्या वापराची परवानगी) लागेल की नाही, हे यावर आणि आराखडा नियमात किती बसतो यावर ठरतं. पार्किंगची अटही इथेच कळते. बिल्डिंग परमिट (बांधकामाची परवानगी) मात्र प्रत्येक सूटला लागतंच, त्यातून सुटका नाही.

आणखी एक कागद लोक पाहत नाहीत: जमिनीचं टायटल. काही वस्त्यांत टायटलवर जुने रिस्ट्रिक्टिव्ह कव्हेनंट चढवलेले असतात, ‘या प्लॉटवर एकच कुटुंबाचं घर’ अशा धर्तीचे. महापालिकेने हो म्हटलं म्हणून ते पुसले जात नाहीत. शेजारी त्यावरून कोर्टात जाऊ शकतो. टायटलची प्रत थोडक्या पैशांत मिळते, ती काढून वकिलाला दाखवा. टाउनहाउस असेल तर काँडो बोर्डाचे, म्हणजे तिथल्या सोसायटीच्या मंडळाचे, नियम आधी वाचा. तिथे गोष्ट बहुधा इथेच संपते.

टोरंटोतल्या मावसभावाचा किंवा व्हॅन्कुव्हरच्या मैत्रिणीचा सल्ला प्रेमाने ऐका आणि बाजूला ठेवा. त्यांचे लेनवे सूटचे (मागच्या गल्लीकडे बांधलेल्या सूटचे) नियम, त्यांची शुल्कं, त्यांचे भाडेकरू कायदे वेगळे. अल्बर्टाचा बिल्डिंग कोडसुद्धा राष्ट्रीय कोडची अल्बर्टासाठी केलेली आवृत्ती आहे.

दुसरं पाऊल: टेप

काँट्रॅक्टरला बोलावण्याआधी एका रविवारी तास-दोन तास काढा. तीन मापं घ्यायची.

एक, उंची. सूटमध्ये जमिनीपासून छतापर्यंत किमान १.९५ मीटर, म्हणजे सुमारे ६ फूट ५ इंच हवी. तुळई आणि डक्टच्या (गरम हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळीच्या) खाली १.८५ मीटर चालते. ही तयार छताची आणि तयार जमिनीची मापं आहेत. आज उघड्या जॉइस्टपर्यंत (वरच्या मजल्याच्या लाकडी तुळयांपर्यंत) मोजलेलं माप ड्रायवॉल (जिप्समची शीट) आणि फ्लोअरिंगनंतर दीड-दोन इंचांनी कमी होतं. जुन्या बंगल्यांत हेच दोन इंच जीव घेतात. उंची मुळातच कमी असेल तर उपाय एकच, जमीन खाली खोदणं. तो खर्च ऐकून बहुतेक जण बॅकयार्ड सूटचा विचार करू लागतात.

दोन, झोपायच्या खोलीची खिडकी. हिला इथे एग्रेस विंडो म्हणतात: जिन्यात धूर भरला तर माणसाने जिथून बाहेर पडायचं ती. उघडल्यावर मोकळी जागा किमान ०.३५ चौरस मीटर हवी आणि तिची कुठलीही बाजू ३८० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे १५ इंचांपेक्षा कमी नको. गंमत इथे आहे: १५ गुणिले १५ इंच चालत नाही. एक बाजू १५ इंच असेल तर क्षेत्रफळ भरायला दुसरी ३६ इंचांच्या वर लागते. मोजायचं ते काचेचं माप नव्हे, चौकटीचंही नव्हे, उघडल्यावर शरीर जाईल त्या भोकाचं. सरकत्या खिडकीत अर्धी बाजू बंदच राहते, तेव्हा दुकानात मोठी दिसणारी खिडकी घरी नापास होते. आतून, किल्ली किंवा हत्याराशिवाय उघडली पाहिजे. पुण्याच्या सवयीने ग्रिल लावू नका.

खिडकी जमिनीच्या पातळीखाली असेल तर बाहेर पत्र्याची विंडो वेल येते. खिडकीपुढे तिच्यात किमान ७६० मिलिमीटर, म्हणजे ३० इंच मोकळी जागा हवी. आत माणूस अडकून कसं चालेल? वेलच्या तळाशी खडी आणि पाण्याला खाली निचऱ्याच्या पाइपापर्यंत वाट हवी. नाहीतर चिनूक, म्हणजे हिवाळ्यातला उबदार वारा, आला, एका दुपारी सगळा बर्फ वितळला की ते पाणी खिडकीतून थेट गादीवर.

खिडकी मोठी करायची म्हणजे पायाची काँक्रीट भिंत कापायची. खिडकी खालच्या बाजूला वाढवणं तुलनेने सोपं, रुंदी वाढवली की वरचा भार पेलायला लिंटेल लागतो आणि इंजिनिअरची सही. आमच्या दोन खिडक्या कापायला अख्खा दिवस लागला आणि वरच्या मजल्यावर आठवडाभर प्रत्येक ताटावर करड्या धुळीची साय होती.

तीन, बाहेर पडायची वाट. सूटमधून थेट बाहेर जाणारं दार हवं किंवा सामाईक पॅसेज-जिन्यातून जाणारी वाट हवी, आणि तो पॅसेज दोन्ही घरांपासून धूर अडवणाऱ्या भिंतींनी वेगळा केलेला हवा. कॅलगरीतल्या कितीतरी घरांना बाजूचं दार असतं आणि आत शिरताच अर्धा जिना वर, अर्धा खाली. ती रचना सूटसाठी सोयीची आहे. तिथली दारं भरीव लाकडाची आणि आपोआप बंद होणारी लागतात. पोरं त्या दाराला चप्पल अडकवून ठेवतात. इन्स्पेक्शनच्या दिवशी चप्पल उचला आणि नंतरही उचलत राहा.

तिसरं पाऊल: धूर, आवाज, हवा, वीज

दोन बिऱ्हाडांमध्ये धूर अडवणारा पडदा लागतो. रोजच्या भाषेत, अर्धा इंची ड्रायवॉल छताच्या खालच्या बाजूला आणि मधल्या भिंतींच्या दोन्ही बाजूंना, कुठेही भोक न ठेवता. फर्नेसची, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या यंत्राची, खोलीही तशीच बंद करायची. नव्या बांधकामाला काय, जुन्या सूटला काय, हा तपशील तुमचा नकाशा तपासणारा अधिकारी सांगेल. त्याचं लिहून घ्या.

स्मोक अलार्म बॅटरीवरचे चालत नाहीत. ते विजेवर हवेत आणि वरचे-खालचे एकमेकांना जोडलेले हवेत. खाली वाजला की वर वाजणार, वर वाजला की खाली. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ. आता आपली अडचण: मिरचीची फोडणी. रविवारी सकाळी तुमच्या पोह्यांनी खालचा नाइट शिफ्टवरून आलेला भाडेकरू खडबडून उठला की त्याची काही चूक नसते. उपाय म्हणजे अलार्म बंद करणं नव्हे. दोन्ही स्वयंपाकघरांत हवा खरोखर बाहेर फेकणारा दणकट हूड बसवा. जाळीतून गाळून तीच हवा परत खोलीत सोडणारा नको. आणि स्वयंपाकघराजवळ फोटोइलेक्ट्रिक प्रकारचा अलार्म निवडा, तो फोडणीला कमी भडकतो.

आवाजाचंही ड्रायवॉल लागायच्या आधीच ठरवा. छताच्या पोकळीत मिनरल वूल भरा आणि ड्रायवॉल थेट जॉइस्टवर न ठोकता मध्ये रेझिलियंट चॅनेल (आवाज तोडणारी लवचिक धातूची पट्टी) द्या. थोडा खर्च वाढतो. पण सकाळी सहाचा मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्या खालच्याला ऐकू न येणं हे भाडेकरू टिकण्याचं मोठं कारण आहे, हे मी अनुभवाने सांगतो. पावलांचा दणका मात्र यानेही पुरता जात नाही. वर जाड गालिचा टाका.

फर्नेस हा खर्चाचा मोठा घास. एका घरातली हवा डक्टमधून दुसऱ्या घरात खेळू नये हे तत्त्व, कारण हवेबरोबर धूरही जातो. म्हणून नव्या सूटसाठी इथे बहुतेक जण दुसरी फर्नेस बसवतात किंवा खाली इलेक्ट्रिक बेसबोर्ड हीटर आणि वेगळं वेंटिलेशन देतात. फर्नेसला खर्च आणि जागा दोन्ही लागतात, बेसबोर्डला जागा लागत नाही पण जानेवारीत उणे तीसला विजेचं बिल डोळे पांढरे करतं. ज्याच्या हाती थर्मोस्टॅट, त्याच्या हाती शांतता, एवढं मात्र खरं. दोन बिऱ्हाडांत एकच थर्मोस्टॅट ही भांडणाची हमी आहे.

विजेच्या पॅनेलवर १०० अँपिअर लिहिलेलं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून लोड काढून घ्या. दुसरा स्टोव्ह, दुसरा ड्रायर आणि वर बेसबोर्ड आले की २०० अँपिअरची वेळ येते. तो बदल एनमॅक्स या वीज कंपनीबरोबर ठरवावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून हे सुरुवातीलाच.

फोडायच्या आधी

१९९० च्या आधीचं घर असेल तर अॅस्बेस्टॉसची तपासणी करून घ्या. दाणेदार छत, जुन्या ड्रायवॉलवरची पुट्टी, विनाइलच्या टाइल, माळ्यावरचं वर्मिक्युलाइट, कुठेही तो असू शकतो. चार-पाच नमुने प्रयोगशाळेत पाठवायचा खर्च किरकोळ आहे. स्वतः हातोडा घेऊन छत पाडणारे उत्साही वीर मी पाहिलेत. हा उत्साह फुप्फुसात कायमचा राहतो.

रेडॉन हा दुसरा न दिसणारा पाहुणा. जमिनीतून तळघरात शिरणारा हा किरणोत्सारी वायू, आणि कॅलगरी परिसरातल्या पुष्कळ घरांत तो जास्त सापडतो. हेल्थ कॅनडाची मर्यादा प्रतिघनमीटर २०० बेक्वेरेल आहे. चाचणीचं डबीएवढं यंत्र हिवाळ्यात निदान तीन महिने खाली ठेवावं लागतं. जमीन फोडलेलीच असेल तेव्हा रेडॉनचा पाइप टाकून घेणं स्वस्त पडतं. तुम्ही वर राहणार, कोणी तरी दिवसरात्र खाली राहणार, म्हणून हे टाळू नका.

त्याच वेळी सांडपाण्याच्या मुख्य पाइपवर बॅकवॉटर व्हॉल्व्ह बसवा. पाऊस जोरात झाला की शहराचं गटार उलटं येऊ शकतं आणि सगळ्यात खालचं बाथरूम आता तुमच्या भाडेकरूचं असतं.

चौथं पाऊल: नकाशे आणि परमिटं

नकाशात खोल्यांची मापं, खिडक्यांची मोकळी मापं, दारांचे प्रकार, अलार्मच्या जागा, धूर अडवणाऱ्या भिंती आणि फर्नेसची जागा दिसली पाहिजे. स्वतः काढलात तरी चालतं, पण सूटचे नकाशे रोज काढणाऱ्या ड्राफ्ट्समनला दिलेले पैसे वाया जात नाहीत. त्याला तपासनिसाचे प्रश्न आधीच पाठ असतात.

बिल्डिंग परमिटखेरीज वीज, प्लंबिंग, गॅस आणि हीटिंग यांची आपापली परमिटं असतात. काँट्रॅक्टरला स्पष्ट विचारा: कोणतं परमिट कोणाच्या नावावर? ‘परमिटचं मी बघतो’ हे उत्तर नव्हे. क्रमांक मागा आणि तो महापालिकेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा.

काँट्रॅक्टरबद्दल दोन नियम पाळा. काम पुरं व्हायच्या आधी पैसे घेणाऱ्या काँट्रॅक्टरकडे अल्बर्टा सरकारचं प्रीपेड काँट्रॅक्टिंग लायसन्स असावं लागतं. तो आपल्या ओळखीतला, गणपतीत आरतीला शेजारी उभा राहणारा असला तरी. आणि प्रत्येक हप्त्यातून दहा टक्के रक्कम रोखून ठेवायची असते, तिला होल्डबॅक म्हणतात. काँट्रॅक्टरने प्लंबरचे पैसे बुडवले तर प्लंबर तुमच्या घरावर लिएन, म्हणजे थकबाकीचा बोजा, टाकू शकतो, तो साधारण ६० दिवसांत, होल्डबॅक त्यासाठीच. ओळखीच्या माणसाला हे म्हणायला जड जातं. लेखी करार केला की म्हणावंच लागत नाही, कागद म्हणतो.

पाचवं पाऊल: इन्स्पेक्शन, आणि आमची फजिती

क्रम असा असतो. काँक्रीट फोडून नवे पाइप टाकले की ते बुजवायच्या आधी प्लंबिंगचं इन्स्पेक्शन. लाकडी चौकटी उभ्या राहिल्या, तारा आणि डक्ट ओढून झाले की इन्सुलेशन-ड्रायवॉलच्या आधी प्रत्येकाचं रफ-इन (झाकण्याआधीच्या कामाचं) इन्स्पेक्शन. सगळं संपल्यावर फायनल.

आमच्याकडे एका शुक्रवारी ड्रायवॉलची टोळी ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी मोकळी झाली. काँट्रॅक्टर म्हणाला, इलेक्ट्रिकलचं इन्स्पेक्शन झालंच आहे, लावून टाकू. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो, “हो, लावा” म्हणालो. इलेक्ट्रिकलचं झालं होतं. हीटिंगचं झालं नव्हतं. सोमवारी आलेल्या सेफ्टी कोड्स ऑफिसरने गुळगुळीत पांढऱ्या छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी शांतपणे सांगितलं की डक्ट दिसेपर्यंत तो काही लिहू शकत नाही. सहा शीट उतरवल्या. चिडायचं कोणावर? होकार माझा होता.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो: फ्रिजवर एक कागद चिकटवा. प्रत्येक परमिटपुढे दोन चौकोन, रफ-इन आणि फायनल. ड्रायवॉल लागायच्या आधी रफ-इनचे सगळे चौकोन टिक झालेले असलेच पाहिजेत. आणि भिंती उघड्या असताना प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा, शेजारी टेप धरून. पाच वर्षांनी चित्र टांगताना पाइप कुठे आहे हे त्यातूनच कळेल.

अंगणातला सूट

तळघराची उंची भरत नसेल किंवा आईवडिलांचे गुडघे जिन्याला तयार नसतील तर बॅकयार्ड सूट. त्याचं क्षेत्रफळ जास्तीत जास्त ७५ चौरस मीटर, म्हणजे साधारण आठशे चौरस फूट. सूटसाठी स्वतंत्र बाहेरची जागाही द्यावी लागते: किमान ७.५ चौरस मीटर, एखादी बाल्कनी किंवा अंगणाचा तुकडा. गॅरेजच्या डोक्यावर बांधलात तर जागा वाचते, पण जिना परत आलाच. आईबाबांसाठी हवा असेल तर जमिनीवरचाच बांधा. लेनकडे खिडक्या घ्या, शेजाऱ्याच्या अंगणात डोकावणाऱ्या टाळा. आक्षेप बहुधा तिथूनच येतात.

खरा खर्च जमिनीखाली असतो. इथे गोठण चार फूट, १.२ मीटरपर्यंत खाली जाते, म्हणून पाया त्याखाली, आणि पाणी-सांडपाण्याची लाइन त्याहूनही खोल, घरापासून अंगणभर खणत. खणायच्या आधी यूटिलिटी सेफ्टी पार्टनर्सकडे नोंद करायची, ते गॅस-विजेच्या लाइन फुकट आखून देतात. अग्निशमन दलाला रस्त्यापासून सूटपर्यंत अडथळ्याविना चालत जाता आलं पाहिजे, तेव्हा बाजूच्या गल्लीत बर्फाचं यंत्र आणि सायकली रचायची सवय सोडा.

आमच्या ओळखीच्यांना तळघराच्या सूटसाठी मिळालेली कोटेशनं ७५ हजार ते सव्वा लाख डॉलरच्या घरात होती. अंगणातल्या सूटला त्याच्या तिप्पट धरून चाला. कोटेशन स्वस्त आलं तर त्यात खिडक्या कापणं, दुसरी फर्नेस आणि पॅनेल आहे का ते आधी बघा. बहुधा नसतं.

पैसा

१५ जानेवारी २०२५ पासून केंद्राने विमायुक्त मॉर्गेजचे नियम सूट बांधणाऱ्यांसाठी सैल केले आहेत: सूट झाल्यावर घराची जी किंमत होईल तिच्या ९० टक्क्यांपर्यंत रीफायनान्स, ३० वर्षांपर्यंत मुदत, घराची किंमत २० लाख डॉलरच्या आत. बँकेच्या काउंटरवरच्या प्रत्येकाला हे ठाऊक असेलच असं नाही, मॉर्गेज ब्रोकरला विचारा.

आईवडिलांसाठी सूट करणाऱ्यांना मल्टिजनरेशनल होम रिनोव्हेशन टॅक्स क्रेडिट २०२३ पासून आहे. ६५ वर्षांचे व त्यापुढचे किंवा अपंगत्व सवलतीस पात्र असलेले नातेवाईक तिथे राहणार असतील तर ५० हजार डॉलरपर्यंतच्या खर्चावर सात हजारांच्या आसपास परत मिळतात. सूट स्थानिक नियमांप्रमाणे परमिटसह झालेला लागतो, पावत्या लागतात. पालक सुपर व्हिसावर येऊन-जाऊन राहत असतील तर ही सवलत तुम्हाला लागू होते का, हे खर्च करण्याआधी अकाउंटंटकडून लेखी घ्या. भाडं घेणार असाल तर ते टी७७६ फॉर्मवर दाखवायचंच असतं, आणि घराचा काही भाग भाड्याने गेला की पुढे विकताना मिळणाऱ्या करमाफीवरही परिणाम होऊ शकतो. तेही त्याच बैठकीत विचारा.

विमा कंपनीला बांधकाम सुरू होताना एकदा आणि भाडेकरू येताना दुसऱ्यांदा कळवा. हप्ता थोडा वाढतो.

स्टिकर आणि भाडेकरू

सगळी फायनल इन्स्पेक्शनं पार पडली की महापालिकेच्या सूट रजिस्ट्रीत नोंद होते आणि दाराजवळ लावायला स्टिकर मिळतो. रजिस्ट्री सगळ्यांना पाहता येते. शहाणा भाडेकरू तुमचा पत्ता तिथे शोधूनच फोन करतो. जुना बेकायदा सूट असलेलं घर तुम्ही विकत घेतलं असेल तर नोंदणीसाठी शुल्कमाफी चालू आहे का ते ३११ वर विचारा. ही योजना शहराने पुन्हा पुन्हा वाढवलेली आहे. आणि अजून घर शोधताच आहात? मग ‘सूट’ म्हणून जाहिरात केलेलं प्रत्येक घर ऑफर देण्याआधी रजिस्ट्रीत पाहा. आम्ही पाहिलं नव्हतं.

भाड्याचा कायदा छोटा आहे, पण आपल्याकडच्या ११ महिन्यांच्या करारासारखा नाही. अनामत एका महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि ती दोन बँक-दिवसांत वेगळ्या व्याजी ट्रस्ट खात्यात ठेवायची. भाडं किती वाढवावं यावर अल्बर्टात मर्यादा नाही, पण ३६५ दिवसांत एकदाच वाढवता येतं. दुरुस्तीसाठी खाली जायचं तर २४ तास आधी लेखी सूचना. घर आपलंच आहे म्हणून कुंकवाला बोलवायला थेट दार उघडून आत जायचं नाही. भाडेकरू येण्याच्या आधी किंवा नंतर एका आठवड्याच्या आत दोघांनी मिळून तपासणीचा अहवाल भरायचा आणि सही करायची. तो नसेल तर जाताना भिंतीवरच्या डागासाठी अनामतीतून एक डॉलरही कापता येत नाही. आमच्या पहिल्या भाडेकरूबरोबर तो अहवाल भरताना तिने खिडकी स्वतः उघडून पाहिली, हात बाहेर काढला आणि विचारलं, “यातून मी जाईन ना?” आम्ही दोघांनी टेप लावून पुन्हा मोजली.